मारिओची उडी उशिरा येते, दुरुस्त केली तरी पुन्हा उशिरा येते: कंट्रोलर बदलण्याआधी हे तपासा

तक्रार साधारण अशी असते. निन्टेन्डो स्विच या गेम कन्सोलवर जुना ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ लावला, पहिलं जग आरामात पार झालं. मग खड्डे रुंद होत गेले आणि मारिओ काठावरून सरळ खाली जाऊ लागला. बटण दाबलं होतं, नक्की दाबलं होतं, पण उडी आलीच नाही. आली तर पाय सुटल्यावर. कोणीतरी सांगतं की टीव्हीत गेम मोड लाव. तो लावला, चार दिवस छान चाललं आणि रविवारी पाहुणे आले तेव्हा पुन्हा तेच.

नागपुरात असे टीव्ही बघायला मला नातेवाइकांकडून आणि ओळखीच्यांकडून बोलावणी येत असतात. गंमत म्हणजे बहुतेकांनी मला फोन करण्याआधीच बर्डीवर जाऊन नवा कंट्रोलर आणलेला असतो. कंट्रोलर ही शेवटी तपासायची गोष्ट आहे. मनीषनगरचा मावसभाऊ, त्याचा मुलगा आणि नवा कंट्रोलर असे तिघे सोफ्यावर बसलेले असतात, पोरगा विचारतो, “काका, याची उडी काहून उशिरा येते?” आणि उत्तर असतं समोरच्या भिंतीवर, पंचावन्न इंचांचं.

आधी टीव्हीला खेळातून काढा

डॉकमधून (टीव्हीला जोडलेल्या स्टँडमधून) स्विच उचला, दोन्ही जॉय-कॉन, म्हणजे सुटे होणारे छोटे कंट्रोलर, बाजूंना अडकवा आणि हातात धरून तोच स्तर खेळा. या एका कृतीत टीव्ही, साउंडबार, एचडीएमआय केबल आणि ब्लूटूथ असे चार संशयित एकदम बाजूला होतात, कारण जॉय-कॉन कन्सोलला अडकवले की त्यांचा संबंध थेट लागतो. १-१ च्या (पहिल्या जगाच्या पहिल्या स्तराच्या) शेवटाकडे दोन पायऱ्यांच्या मधोमध खड्डा आहे, तो यासाठी चांगला. पूर्ण पळत या आणि अगदी शेवटच्या विटेवरून उडी घ्या. हातात धरून जमतंय आणि टीव्हीवर जमत नाही, तर तुमच्या बोटांचा दोष नाही. हातातही जमत नसेल तर खालचा कंट्रोलरचा भाग वाचा, मधलं सगळं सोडून दिलं तरी चालेल.

हा खेळ उशिराच्या बाबतीत इतका काटेकोर का, हे आकड्यांत पाहिलं की पटतं. तो सेकंदाला ६० चित्रं काढतो, म्हणजे एका चित्राला १६.७ मिलिसेकंद. पूर्ण वेगात पळणारा मारिओ दर चित्राला सुमारे अडीच पिक्सेल पुढे सरकतो आणि जमिनीची एक वीट १६ पिक्सेल रुंद असते. आता टीव्हीने चित्र दाखवायला १०० मिलिसेकंद लावले असं धरा. तेवढ्यात सहा चित्रं होऊन गेली, मारिओ १५ पिक्सेल पुढे गेला. म्हणजे तुम्हाला जो मारिओ काठाच्या एक वीट अलीकडे दिसतोय, तो खेळाच्या हिशेबात काठावर उभा आहे. तुम्ही बटण दाबता तेव्हा तो हवेत असतो आणि हवेतून उडी मारता येत नाही.

आजकालचे बरेच प्लॅटफॉर्म गेम इथे सूट देतात: काठावरून पाय सुटला तरी पुढचे काही क्षण उडी मान्य करतात. १९८५ चा मारिओ तशी सूट देत नाही. म्हणूनच “बाकीचे सगळे गेम याच टीव्हीवर ठीक चालतात, हाच बिघडलाय” असं लोक सांगतात. हा बिघडलेला नाही, बाकीचे सांभाळून घेतात.

त्या काळी हा त्रास नव्हता, कारण जुना डबा टीव्ही येणारा सिग्नल ओळीओळीने तसाच काचेवर रंगवायचा, थांबून विचार करायचा नाही. आताचा टीव्ही प्रत्येक चित्राला इस्त्री करून मगच बाहेर पाठवतो. कडा धारदार करणं, दाणे पुसणं, छोटं चित्र मोठं करणं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे हालचाल गुळगुळीत करणं. त्यासाठी टीव्ही दोन चित्रांच्या मध्ये स्वतःचं एक तिसरं चित्र घालतो. मधलं काढायचं तर पुढचं हातात हवं, म्हणून तो पुढचं येईपर्यंत आधीचं अडवून ठेवतो. मालिका पाहताना हे अडवणं कोणाच्या लक्षात येत नाही, कारण आवाजही तेवढाच मागे ठेवला जातो. हातात बटण आलं की लगेच येतं.

गेम मोड म्हणजे ही सगळी इस्त्री बंद. चित्र थोडं फिकं, थोडं खरखरीत दिसेल. दिसू द्या. बऱ्याच टीव्हींत गेम मोडबाहेर १०० मिलिसेकंदांहून जास्त जातात, तेच गेम मोडमध्ये १० ते २० च्या आसपास येतात.

पण तो टिकत का नाही

इथपर्यंतचं बहुतेकांना माहीत असतं. खरा प्रश्न हा की लावलेला गेम मोड आपोआप जातो कसा. त्याची कारणं वेगवेगळी असतात, आणि कोणतं तुमचं आहे ते कधी जातो यावरून ओळखायचं.

सगळ्यात जास्त दिसणारं कारण फार साधं आहे. पुष्कळ टीव्हींत चित्राची सेटिंग पूर्ण टीव्हीला लागत नाही, त्या एका एचडीएमआय पोर्टला लागते. आता आपल्याकडचा एप्रिल-मे आठवा. दुपारभर ऊन, संध्याकाळी अचानक वारा सुटतो, विजा कडाडतात आणि घरातलं मोठं माणूस उठून टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, राउटर सगळ्यांचे प्लग आणि केबल उपसून ठेवतं. अगदी बरोबर करतं. पण पुन्हा जोडताना टीव्हीच्या मागे हात घालून जे भोक सापडेल त्यात केबल जाते. गेम मोड राहिला एचडीएमआय १ वर, स्विच आला २ वर. त्रास दर वादळानंतर, कूलर हलवल्यानंतर किंवा घर झाडल्यानंतर परत येत असेल तर हेच समजा. उपाय: केबलच्या टोकाला आणि पोर्टशेजारी पांढऱ्या चिकटपट्टीवर पेनाने एकच खूण करा, आणि खात्री म्हणून बाकीच्या पोर्टवर जाऊनही एकदा गेम मोड लावून ठेवा. काही टीव्हींत ‘सर्व इनपुटना लागू करा’ असा पर्याय असतो, तो सापडला तर काम अजून सोपं. मात्र सेट-टॉप बॉक्सवर गेम मोड लागला तर आईबाबा “टीव्हीचा रंग गेला” म्हणून तक्रार करतील, ती तुमची तुम्ही निस्तरा.

दुसरं कारण कमी दिसतं, पण ज्यांच्याकडे असतं ते हैराण होतात. गेम मोड लावला की काही मिनिटांत किंवा टीव्ही बंद-चालू केला की आपोआप जातो, आणि चित्र एकदम भडक, डोळे दिपवणारं होतं. कधी कधी पडद्याच्या कोपऱ्यात टीव्हीच्या गुणांची जाहिरात करणारी पट्टीही फिरते. असं असेल तर टीव्ही दुकान मोडमध्ये आहे. टीव्ही पहिल्यांदा सुरू होताना ‘घर की दुकान’ असं विचारतो. दुकानातला टीव्ही येणाऱ्या-जाणाऱ्याने छेडला तरी तो पुन्हा भडक व्हावा, म्हणून त्या मोडमध्ये सेटिंग स्वतःहून मूळ जागी जाते. दिवाळीच्या सेलमध्ये डिस्प्लेचा पीस स्वस्तात मिळाला असेल, किंवा टीव्ही लावायला आलेल्या मुलाने घाईत पुढे-पुढे दाबलं असेल, तर हा मोड घरीही तसाच राहतो. अशा टीव्हीवर तुम्ही रोज गेम मोड लावा, तो रोज जाणार. सिस्टिम किंवा जनरल सेटिंगमध्ये वापराचा मोड शोधून ‘होम’ करा. सापडला नाही तर टीव्ही फॅक्टरी रीसेट करा आणि पहिल्या प्रश्नाला घर निवडा. सगळ्या अॅपांचे पासवर्ड पुन्हा टाकावे लागतील, म्हणून हे काम घरातल्यांना सांगून करा, मॅचच्या दिवशी करू नका.

तिसरं, टीव्हीचा शहाणपणा. ‘स्मार्ट’, ‘ऑटो’, ‘एआय’ अशा नावांचे चित्र-पर्याय असतात. समोर काय चालू आहे ते टीव्ही स्वतः ओळखतो आणि मोड बदलतो. क्रिकेट दिसलं की खेळाचा मोड, सिनेमा दिसला की सिनेमाचा. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’सारखं सपाट रंगांचं चित्र पाहून त्याला काय वाटेल याचा भरवसा नाही. हे पर्याय बंद करा. टीव्हीचं सॉफ्टवेअर अपडेट झाल्यानंतर ते पुन्हा चालू झालेले मी पाहिले आहेत, तेव्हा अपडेटनंतर एक नजर टाका. खोलीच्या उजेडाप्रमाणे चित्र बदलणारा वीजबचतीचा पर्यायही याच रांगेतला.

इथे एक प्रश्न हमखास येतो: “त्याच टीव्हीवर पीएस५ (प्लेस्टेशन ५) लावला की गेम मोड आपोआप लागतो, स्विचला का नाही?” एचडीएमआय २.१ सोबत ऑटो लो लेटन्सी मोड नावाची सोय आली. कन्सोल टीव्हीला निरोप पाठवतो की आता गेम चालू आहे, आणि टीव्ही ऐकतो. पीएस५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स, एस हा निरोप पाठवतात. पहिला स्विच पाठवत नाही, म्हणून त्याच्यासाठी मोड हाताने लावावा लागतो. काही टीव्हींत इनपुटला नाव देता येतं. तिथे ‘गेम कन्सोल’ किंवा ‘पीसी’ असं नाव किंवा चित्र निवडलं की टीव्ही त्या पोर्टवर कमी इस्त्री करतो. हा पर्याय दिसला तर वापरून पाहा, फुकट आहे.

स्विच आणि टीव्हीच्या मध्ये काय-काय आहे हेही पाहा. एचडीएमआय साउंडबारमधून फिरून जात असेल, किंवा दोन यंत्रांसाठी बाजारातून आणलेला छोटा स्विचर बॉक्स मध्ये असेल, तर ते काढून केबल थेट टीव्हीत लावा आणि मग खेळा.

आवाज फसवतो

काही जणांचं चित्र अगदी वेळेवर असतं, तरी उडी चुकते. तिथे आवाज बघा. हा खेळ आपण नकळत कानांनी खेळतो. उडीचा तो ‘ट्विंग’, शत्रूच्या डोक्यावर पाय पडल्याचा ‘टप’, यांवर पुढचं बटण ठरतं. ब्लूटूथ साउंडबार किंवा हेडफोन लावला की आवाज दहावा-पाचवा हिस्सा सेकंद मागे पडणं अगदी नेहमीचं आहे, आणि हात त्या मागे पडलेल्या आवाजाशी ताळ जुळवायला लागतो. टीव्हीचेच स्पीकर लावून एकदा खेळा. बरं वाटलं तर साउंडबार ऑप्टिकल किंवा एचडीएमआय केबलने जोडा. स्विचमध्ये सप्टेंबर २०२१ च्या १३.०.० अपडेटपासून ब्लूटूथ हेडफोन थेट लागतात, पण तेव्हा बिनतारी कंट्रोलर दोनच जोडता येतात. मुलं चौघं असतील तर कोणाचा तरी कंट्रोलर का लागत नाही हे कोडं इथेच सुटतं.

डोळ्याचा नाही, फोनचा भरवसा

“मला वाटतं आता थोडं बरं आहे” यावर काही ठरत नाही. मोजा. फोनच्या कॅमेऱ्यात स्लो मोशनचा सेकंदाला २४० चित्रांचा पर्याय असेल तर तो निवडा. फोन एखाद्या डब्याला टेकवून असा ठेवा की तुमचा अंगठा आणि पडदा दोन्ही दिसतील. मारिओला उभं ठेवून काही वेळा नुसती उडी मारा. नंतर चित्रफीत एकेक चित्र पुढे सरकवत, बटण खाली गेल्यापासून मारिओचे पाय जमिनीवरून सुटेपर्यंतची चित्रं मोजा. एक चित्र म्हणजे ४.२ मिलिसेकंद, २४ चित्रं म्हणजे १०० मिलिसेकंद.

हेच आधी स्विच हातात धरून करा आणि मग टीव्हीवर. दोन्हींतला जो फरक येतो, तो टीव्ही आणि बिनतारी जोडणीचा. गेम मोड चालू आणि बंद करून पुन्हा मोजलं तर तो नुसता नावाला लागलाय की खरंच काम करतोय हेही कळतं. हा व्हिडिओ टीव्हीच्या सर्व्हिसवाल्याला दाखवायलाही उपयोगी पडतो. “उडी उशिरा येते” म्हटलं तर तो हसतो, आकडा दाखवला की मेन्यू उघडतो.

आता कंट्रोलर

बिनतारी कंट्रोलर ज्या ब्लूटूथने कन्सोलशी बोलतो ते २.४ गिगाहर्ट्झवर चालतं, तुमचा वायफाय राउटरही बहुधा तिथेच असतो. निन्टेन्डोचा स्वतःचा सल्ला असा की कन्सोल टीव्हीच्या मागे, धातूच्या वस्तूखाली, केबलींच्या गुंत्यात किंवा माशांच्या टाकीजवळ ठेवू नये. धातू आणि पाणी दोन्ही हा सिग्नल अडवतात. आता नागपूरच्या हॉलमधला पत्र्याचा कूलर बघा: लोखंडाची पेटी आणि आत पाणी. कूलर खिडकीत असतो तोवर त्रास नाही, पण स्टँडवरचा कूलर टीव्ही युनिटशेजारी सरकवला आणि डॉक त्याच्या मागे गेला की बटणं मधूनच गळायला लागतात. उशीर आणि गळणं या दोन वेगळ्या तक्रारी आहेत हे लक्षात ठेवा. टीव्हीमुळे उडी नेहमी सारखीच उशिरा येते. बिनतारी जोडणी बिघडली असेल तर नऊ उड्या ठीक आणि दहावी गायब.

प्रो कंट्रोलर असेल तर तो यूएसबी केबलने डॉकला जोडा, आणि सिस्टिम सेटिंग्जमध्ये कंट्रोलर्स अँड सेन्सर्सखाली वायर्ड कम्युनिकेशन चालू करा. नुसती केबल लावली तर कंट्रोलर चार्ज होतो आणि संवाद ब्लूटूथनेच चालतो, हे पुष्कळांना माहीत नसतं. त्याच मेन्यूत कंट्रोलर अपडेट करायचा आणि स्टिक (अंगठ्याने फिरवायची छोटी दांडी) कॅलिब्रेट करायचा पर्याय आहे, तेही करून घ्या.

पण या खेळात स्टिक वापरूच नका. स्टिक थोडी जरी खाली कलली तर खेळाला ‘खाली’ आणि ‘उजवीकडे’ असे दोन्ही इशारे एकदम जातात. जमिनीवर हे दोन्ही एकत्र आले की जुना मारिओ दोन्ही रद्द धरतो आणि पळण्याचा वेग तुटतो. उडीची उंचीही पळण्याच्या वेगावर अवलंबून असते, म्हणून उडी वेळेवर येऊनही आखूड पडते. पाहणाऱ्याला वाटतं की बटण उशिरा लागलं. काही कंट्रोलरांचा अधिक चिन्हासारखा दिशा-बटणांचा पॅडही अंगठा जरा सरकला की तिरकी दिशा देतो. जॉय-कॉनवर चार सुटी बटणं आहेत, ती दिसायला वेडीवाकडी वाटली तरी या कामात इमानदार आहेत.

दुसरी अडचण उजव्या अंगठ्याची. पळायला बी दाबून ठेवायचं आणि त्याच अंगठ्याने ए दाबून उडी मारायची. जुन्या चपट्या कंट्रोलरवर बी आणि ए शेजारी-शेजारी होते, अंगठा आडवा टेकवला की झालं. स्विचवर ते तिरके आहेत. अंगठा ए कडे वळताना बी किंचित सुटतं, वेग जातो, आणि उडी परत आखूड. एप्रिल २०२० च्या १०.०.० अपडेटपासून स्विचमध्ये बटणांच्या जागा बदलता येतात. वायच्या जागी बी आणि बीच्या जागी ए असं करून बघा: पळणं डावीकडे, उडी खाली. अंगठ्याला हे बरंच सोपं जातं. दुसऱ्या खेळाकडे जाताना ही मांडणी परत पूर्ववत करायला विसरू नका, नाहीतर मेन्यूत ‘नाही’ म्हणताना ‘हो’ दाबलं जाईल आणि घरात नवी तक्रार सुरू होईल.

ज्यात बिघाड नाही

हेही सांगायला हवं, कारण यांच्यासाठी लोक टीव्ही रीसेट करत बसतात.

एका रांगेत शत्रू जास्त झाले की ते लुकलुकतात. हा खेळ ज्यावर आला ते निन्टेन्डोचं मूळ यंत्र एका आडव्या ओळीत आठच हलती चित्रं दाखवू शकत होतं, नववं आलं की आळीपाळीने गाळायचं. ‘मेगा मॅन २’मध्ये गर्दी झाली की खेळ मंदावतो, कारण मूळचा १.७९ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर वेळेत काम संपवू शकत नव्हता. स्विचवरची आवृत्ती मूळ खेळ जसाच्या तसा चालवते, दोषांसकट.

४-४, ७-४ आणि ८-४ या किल्ल्यांत तोच भाग पुन्हा-पुन्हा येतो. गेम अडकलेला नाही. वाट चुकली की खेळ तुम्हाला मागे आणून सोडतो, ४-४ आणि ७-४ मध्ये वरची-खालची वाट बदलून बघा, ८-४ मध्ये योग्य पाइपात शिरा. वेळेचं घड्याळ सेकंदापेक्षा भरभर पळतं तेही मुळातलंच: त्याचा एक आकडा २४ चित्रांना उतरतो, म्हणजे ४०० चा स्तर १६० सेकंदांत संपतो.

कडेचे आकडे कापलेले दिसत असतील तर मात्र टीव्हीचं काम आहे. झूम किंवा वाइड सोडून ‘स्क्रीन फिट’सारखा पर्याय घ्या. निन्टेन्डोच्या जुन्या खेळांच्या अॅपमध्ये ४:३, पिक्सेल-परफेक्ट आणि जुन्या टीव्हीसारखा पडदा असे पर्याय आहेत, त्यातला ४:३ मला बरा वाटतो.

आणि एक तक्रार चाळिशीतल्या लोकांची: “लहानपणी मारिओ इतका जोरात नव्हता पळत.” नव्वदच्या दशकात आपल्याकडे घरोघरी नकली मशीन आणि ‘कॅसेट’ होत्या आणि टीव्ही ५० हर्ट्झच्या (सेकंदाला ५० चित्रांच्या) पाल पद्धतीचे. ६० हर्ट्झसाठी लिहिलेला खेळ ५० हर्ट्झच्या मशिनवर लावला की तो सहाव्या हिश्श्याने हळू चालतो, संगीतासकट. ज्यांचा हात त्या चालीवर बसलाय त्यांना स्विचवरची ६० ची चाल घाईची वाटणार, आणि पहिले काही दिवस त्यांचं बटण खरंच उशिरा पडणार. यावर सेटिंग नाही, सराव आहे. उलटा प्रकार इतरत्र भेटतो. २०२२ मध्ये नव्या प्लेस्टेशन प्लसवर पहिल्या प्लेस्टेशनचे खेळ आले, तेव्हा आशियात त्यातले काही ५० हर्ट्झच्या युरोपीय आवृत्तीतले होते. नंतर ६० हर्ट्झचा पर्याय देण्यात आला. एखादा जुना खेळ चिखलात चालल्यासारखा वाटला तर त्याच्या यादीत दुसरी आवृत्ती आहे का ते आधी पाहा, गेम मोडने तो सुधारणार नाही.

उन्हाळ्याच्या दोन गोष्टी

स्विचसाठी खोलीचं तापमान ५ ते ३५ अंश आणि आर्द्रता २० ते ८० टक्के असावी असं निन्टेन्डो सांगतं. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना बंद शोकेसच्या काचेमागे ठेवलेला डॉक ३५ च्या आत राहणार नाही. फार तापला की स्विच सूचना देऊन स्वतःच झोपतो. उडी उशिरा येण्याशी याचा फारसा संबंध नाही, हा खेळ इतका हलका आहे की त्याने कन्सोल दमत नाही. पण डॉक शोकेसमधून बाहेर काढा, आणि कूलरचा ओला झोत थेट त्याच्यावर येईल असा ठेवू नका.

दुसरी गोष्ट, सुट्टीत गावी नेलेला स्विच. स्विच ऑनलाइन या निन्टेन्डोच्या वर्गणीच्या सेवेवरचे हे जुने खेळ इंटरनेटशिवाय सात दिवसच चालतात, मग एकदा जोडणी मागतात. काटोल-नरखेडकडे आजोळी गेलेल्या पोरांना आठव्या दिवशी “गेम उघडत नाही” असं होतं. फोनचा हॉटस्पॉट क्षणभर दिला की पुन्हा सात दिवस.

एवढं सगळं नीट करूनही आठव्या जगात पडणारच आहात. तिथले खड्डे लांब आणि उतरायची जागा अरुंद, टीव्ही कितीही चोख असला तरी. झेडएल आणि झेडआर ही कंट्रोलरच्या मागची दोन बटणं दाबून धरली की खेळ मागे फिरवता येतो. ही सोय २०१९ मध्ये आली आणि एकाच उडीचा सराव करायला फार चांगली आहे, माझ्या मते ती वापरण्यात लाज नाही. ती वापरायची नसेल तर मूळ खेळातली जुनी सवलत आहेच: सगळे जीव संपून पहिला पडदा आला की ए दाबून ठेवा आणि स्टार्ट, म्हणजे स्विचवर प्लस, दाबा. ८-३ मध्ये संपला असाल तर १-१ ऐवजी ८-१ पासून सुरू होतं.